फू, बार आणि थोडी जास्त जादू: हॅकर्सच्या शब्दकोशाची गोष्ट

(हे या भागाचं लिखित रूप आहे. बोलण्याच्या ओघात आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" जमतील तेवढे काढलेत. उरलेले गोड मानून घ्या.)

आजचा भाग शब्दांवर आहे. पण भाषेच्या पेपरातले शब्द नाहीत. कुणीतरी गंमत म्हणून तयार केलेले, मित्रामित्रांत फिरलेले आणि नंतर अख्ख्या जगाच्या तोंडी बसलेले शब्द.

तुमच्यापैकी ज्यांनी थोडंफार कोडिंग केलंय त्यांनी "फू" आणि "बार" हे शब्द हमखास पाहिलेत. प्रोग्रॅमिंगच्या कुठल्याही पुस्तकात व्हेरिएबलला नाव सुचलं नाही की लेखक लिहितो फू. दुसरं लागलं की बार. गणितात जसं एक्स आणि वाय, किंवा आपल्याकडे उदाहरणात नेहमी "समजा, राम आणि श्याम", तसंच. पण हे फू आलं कुठून? त्याचा पत्ता शोधत गेलं की आपण पोचतो एका खेळण्यातल्या रेल्वेपाशी, तिथून एका टेक्स्ट फाइलपाशी, आणि शेवटी एका भांडणापाशी. भांडण असं, की एखाद्या शब्दाचा अर्थ कोण ठरवतं? ज्यांनी तो शब्द घडवला ते, की बाकीचं जग?

रेल्वे क्लबातली पोरं

अमेरिकेत एमआयटी नावाची संस्था आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. तिथे 1946 साली एक विद्यार्थी क्लब सुरू झाला: टेक मॉडेल रेलरोड क्लब. छोट्या आगगाड्या, छोटे रूळ, छोटी स्टेशनं. क्लबची जागा होती बिल्डिंग 20 मध्ये. ही इमारत दुसऱ्या महायुद्धात, 1943 साली, रडारवरच्या संशोधनासाठी घाईघाईत उभारलेली. लाकडी आणि तात्पुरती. युद्ध संपलं की पाडायची होती. प्रत्यक्षात ती पाडली 1998 साली. "तात्पुरता उपाय" म्हणून लिहिलेला कोड किती वर्षं प्रॉडक्शनमध्ये राहतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

क्लबात दोन प्रकारची मुलं होती. एका गटाला डबे रंगवण्यात, डोंगर आणि झाडं बनवण्यात रस. दुसऱ्या गटाला टेबलाखाली काय चाललंय त्यात रस. टेबलाखाली होतं टेलिफोन एक्स्चेंजच्या रिलेंचं आणि वायरींचं जंगल. कुठली गाडी कुठल्या रुळावर, किती वेगाने, हे सगळं त्या जंगलातून चालायचं. या दुसऱ्या गटाला म्हणायचे सिग्नल्स अँड पॉवर कमिटी.

आणि या टेबलाखालच्या पोरांची स्वतःची बोली होती. एखादं यंत्र चालत नसेल तर ते "हरतंय". पार वाया गेलं तर ते "मंग" झालं. कचऱ्याला म्हणायचे "क्रफ्ट". सारखा अभ्यास करत बसणाऱ्या मुलाला म्हणायचे "टूल", म्हणजे नुसतं अवजार. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत त्यालाच "घासू" म्हणतात. देश बदलला तरी हॉस्टेल तेच.

आणि मुख्य शब्द, "हॅक". एखादं काम केवळ उपयोगाचं आहे म्हणून नाही, तर करण्यातच मजा येते म्हणून केलं, आणि त्यात काहीतरी कल्पक चमक असली, तर तो हॅक. असे हॅक करणारा तो हॅकर. इथे चोरी नाही, पासवर्ड नाही, काळी हुडी घातलेला माणूस नाही. हॅकर ही पदवी होती, आणि ती स्वतःला लावून घ्यायची नसे, दुसऱ्यांनी द्यायची असे.

1959 साली या क्लबातल्या पीटर सॅमसन नावाच्या विद्यार्थ्याने ही सगळी बोली एकत्र लिहून काढली. छोटासा शब्दकोश, क्लबपुरता. त्यात "फू" आहे. आणि त्याचा अर्थ? एका मंत्राचं पहिलं अक्षर!

आता हा मंत्र आपल्या ओळखीचा आहे. "ॐ मणिपद्मे हूं" हा अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाचा मंत्र. हाच बोधिसत्त्व हातात कमळ घेऊन अजिंठ्याच्या 1 नंबरच्या लेण्यात उभा आहे, पद्मपाणी म्हणून. त्या मंत्रातला ॐ काढून सॅमसनने तिथे फू टाकला. पुढे अशा अर्थाची पुस्ती, की फू मोजणारे काउंटर अखंड फिरते ठेवणं हे आपलं आद्य कर्तव्य. थोडक्यात, विसाव्या शतकातल्या नास्तिक पोरांचा यंत्रधर्म.

क्लबात याचा प्रत्यक्ष वापरही होता. रेल्वेच्या मांडणीवर जागोजागी आणीबाणीची बटणं होती. दोन गाड्या एकमेकींवर आदळायला निघाल्या की बटण दाबायचं, सगळा कारभार थांबायचा, आणि घड्याळावर वेळेच्या जागी अक्षरं यायची: फू. म्हणून त्या बटणांना नाव पडलं फू स्विच. म्हणजे फू हा एका अर्थाने जगातल्या पहिल्यावहिल्या एरर मेसेजांपैकी एक म्हणायला हरकत नाही.

फूचा बाप कोण?

पण सॅमसनने फू हवेतून काढला नव्हता. 1935 सालापासून अमेरिकन वर्तमानपत्रांत बिल हॉलमन या चित्रकाराची "स्मोकी स्टोव्हर" नावाची कॉमिक पट्टी यायची. नायक आगीच्या बंबावरचा माणूस, दोन चाकांची विचित्र गाडी चालवणारा, आणि चित्राच्या कोपऱ्याकोपऱ्यांत, पाट्यांवर, भिंतींवर लिहिलेलं: फू. काही कारण नाही, काही अर्थ नाही. हॉलमन सांगायचा, की एका चिनी मूर्तीच्या तळाशी त्याला हा शब्द दिसला. चिनी भाषेत "फू" म्हणजे सौभाग्य, त्यामुळे हे शक्य आहे.

मग आलं महायुद्ध. सैन्यात नवीन संक्षेप निघाला, "फूबार". त्याचा पूर्ण अर्थ घरात सगळे ऐकत असताना सांगण्यासारखा नाही. सभ्य भावार्थ असा, की इतकी वाट लागलीय की मूळ वस्तू ओळखूही येत नाही. कॉमिकमधला फू आणि सैन्यातला फूबार हे एकमेकांत मिसळले, एमआयटीत आले, आणि डीईसी या कॉम्प्युटर कंपनीच्या मॅन्युअलांतून दोन वेगळे शब्द होऊन जगभर गेले: फू, बार.

या एका शब्दावर पुढे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत एक आख्खा दस्तऐवज निघाला. इंटरनेट कसं चालतं याचे नियम ज्या आरएफसी नावाच्या मालिकेत लिहिले जातात, त्या मालिकेत क्रमांक 3092, विषय: फूची व्युत्पत्ती. तारीख: 1 एप्रिल 2001. तारीख पाहूनच समजून घ्या.

फाइल सुरू होते

आता 1975 साली या. जागा अमेरिकेचा दुसरा किनारा, स्टॅनफर्ड विद्यापीठाची एआय लॅब. हो, एआय लॅब, 1975 साली! ही लॅब काढली जॉन मॅकार्थीने. "आर्टिफिशियल इंटेलिजन्स" हा शब्द ज्याने रूढ केला तोच हा माणूस.

तिथे राफाएल फिंकेलने एक टेक्स्ट फाइल सुरू केली. लॅबमध्ये लोक जे चमत्कारिक शब्द वापरतात ते लिहायचे, शेजारी अर्थ लिहायचा. बस. पुढच्या वर्षी मार्क क्रिस्पिनच्या नजरेस ती पडली, आणि त्याने अर्पानेटवरून तिची प्रत एमआयटीच्या एआय लॅबमध्ये ओढून घेतली. अर्पानेट म्हणजे इंटरनेटचा आजोबा. एमआयटीत गाय स्टील आणि इतरांनी भर घातली. मग दोन्ही किनाऱ्यांवर दोन प्रती, इकडचे शब्द तिकडे, तिकडचे इकडे, आणि मधूनमधून दोन्ही जुळवून एक करायच्या. गिट नव्हतं, गुगल डॉक नव्हतं, तरी हे चालू होतं. फाइलचं नाव झालं "जार्गन फाइल".

त्यात नुसते शब्द नव्हते, शब्द तयार करायचे कारखाने होते. दोनतीन कारखाने बघूया, कारण खरी मजा तिथेच आहे.

पहिला कारखाना: मोजमापाचा. इंजिनिअर माणसाला कशालाही एकक लावायची खोड असते. बटलर लॅम्पसन नावाचे फार मोठे कॉम्प्युटर शास्त्रज्ञ आहेत, 1992 सालचे ट्युरिंग पुरस्कार विजेते. ते बोलायचे भयंकर वेगात. म्हणून बोलण्याच्या वेगाचं एकक झालं "मिलीलॅम्पसन". सर्वसाधारण माणूस 200 मिलीलॅम्पसनने बोलतो, स्वतः लॅम्पसन 1000 ने. आपला हा पॉडकास्ट दीडपट स्पीडवर ऐकणाऱ्यांनी स्वतःचा हिशोब स्वतः करावा.

तसंच "मायक्रोसेंच्युरी", शतकाचा दहा लाखावा भाग. करा गणित: साधारण 52.6 मिनिटं. म्हणजे कॉलेजचं एक लेक्चर! आता कळलं ना, लेक्चरला शतक का वाटतं ते? आणि "मायक्रोफोर्टनाइट", पंधरवड्याचा दहा लाखावा भाग, 1.2096 सेकंद. हा विनोद विनोदात राहिला नाही. डीईसीच्या व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टममध्ये, मशीन सुरू होताना ऑपरेटरने तारीख-वेळ टाकायची वाट किती पाहायची, ही सेटिंग खरोखर मायक्रोफोर्टनाइटमध्ये द्यावी लागायची. विकत घेतलेल्या, बँका-कारखान्यांत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये!

दुसरा कारखाना: स्वतःलाच गिळणारे संक्षेप. मघाचा "मंग" आठवतोय? सुरुवातीला त्याचा विस्तार होता, "निकामी होईपर्यंत कुटा". मग कुणीतरी त्यातला "कुटा" काढून तिथेही "मंग" टाकला. म्हणजे मंगचा अर्थ काय? निकामी होईपर्यंत मंग करा. मग मंग म्हणजे? निकामी होईपर्यंत मंग करा. चक्र कधी थांबतच नाही. एमआयटीत ही खोड पसरली. ईमॅक्स या एडिटरच्या एका भावंडाचं नाव ठेवलं "आइने", जर्मन भाषेतला एक, आणि विस्तार "आइने हा ईमॅक्स नव्हे". त्याच्या पुढच्या आवृत्तीचं नाव "त्स्वाय", जर्मन दोन, विस्तार "त्स्वाय आधी आइने होता". याच घराण्यात 1983 साली जन्मलं "ग्नू", विस्तार "ग्नू म्हणजे युनिक्स नव्हे". तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी जे लिनक्स आहे, ते ग्नूच्या लायसन्सखाली येतं. एका कुटलेल्या शब्दाचा विनोद असा तुमच्या खिशापर्यंत आला.

तिसरा कारखाना: व्याकरण मोडायचा. लिस्प या भाषेत हो-नाही उत्तराच्या फंक्शनच्या नावाशेवटी "पी" लावायची पद्धत होती. पोरांनी ती बोलण्यात आणली. "जेवण-पी?" म्हणजे जेवायला येतोस का? उत्तर "हो" किंवा "नाही", एका अक्षरात काम. एकदा बिल गॉस्पर एका चिनी हॉटेलात बसला होता. सूपचा वाडगा दोघांना पुरेल एवढा. अर्धं अर्धं घेऊया का, असं विचारायचं होतं. अर्ध्याला इंग्रजीत "स्प्लिट", शेवटी प्रश्नाचा "पी", पुढे सूप. म्हणून त्याने विचारलं, "स्प्लिट-पी सूप?" आता गंमत अशी की वाटाण्याच्या डाळीच्या सूपला इंग्रजीत "स्प्लिट पी सूप"च म्हणतात. तीन शब्दांत प्रश्न, व्याकरण आणि मेनू कार्ड!

विनोद कशाला हवा होता?

इथे कुणी विचारेल, एवढी हुशार माणसं, एवढी महागडी यंत्रं, आणि धंदे हे? पण थोडं थांबून बघा. हे काम नवीन होतं. जे घडत होतं त्याला नावंच नव्हती. आणि नाव नसलं की त्या गोष्टीबद्दल बोलता येत नाही.

"हायझेनबग" घ्या. हायझेनबर्ग या शास्त्रज्ञाच्या अनिश्चिततेच्या तत्त्वावरून हे नाव पडलं. कोडमधली अशी चूक, जी शोधायला गेलं की गायब होते. तपासणीसाठी एक प्रिंट टाकला की प्रोग्रॅम नीट चालतो, प्रिंट काढला की पुन्हा पडतो. हा शब्द वाऱ्यावरचा नाही. जिम ग्रे यांनी 1985 साली कॉम्प्युटर का बंद पडतात यावरच्या आपल्या प्रसिद्ध लेखात तो वापरला. त्यांचा मुद्दा गंभीर होता: काही चुका ठाम असतात, दर वेळी त्याच जागी दिसतात, त्या टेस्टिंगमध्ये सापडतात. उरतात त्या हायझेनबग. आणि त्यांच्यावर बऱ्याचदा साधा उपाय चालतो, पुन्हा एकदा चालवून बघा. कस्टमर केअरवाला "बंद करून चालू करा" म्हणतो ना, त्यामागे एवढं शास्त्र आहे.

आणि ज्यांना हा शब्द माहीत आहे त्यांची एक सोय होते. रात्री दोन वाजता "मला कळत नाहीये काय होतंय" असं म्हणणं कठीण असतं. "हायझेनबग आहे रे" म्हटलं की समोरचा हसतो, खुर्ची ओढतो आणि शेजारी बसतो. शब्दाने दोष यंत्रावर टाकला, माणसाची लाज राखली.

याच फाइलच्या परिशिष्टातली एक गोष्ट तर ऐकायलाच हवी. गाय स्टीलने सांगितलेली. एमआयटीच्या एआय लॅबमधल्या पीडीपी-10 या मशीनच्या कपाटावर कुणीतरी हाताने एक बटण बसवलेलं होतं. त्यावर पेन्सिलने दोन शब्द: एका बाजूला "जादू", दुसऱ्या बाजूला "जास्त जादू". बटण "जास्त जादू"वर होतं. उघडून पाहिलं तर बटणाला जोडलेली वायर एकच! वीज वाहायला दोन लागतात हे आठवीतलं पोरही सांगेल. म्हणजे बटण कुणीतरी चेष्टा म्हणून लावलेलं. त्यांनी ते दाबून "जादू"वर आणलं. कॉम्प्युटर तत्क्षणी बंद पडला.

योगायोग म्हणून त्यांनी बटण परत "जास्त जादू"वर नेलं आणि मशीन सुरू केलं. वर्षभराने स्टीलने ही गोष्ट डेव्हिड मूनला सांगितली. त्याचा विश्वास बसेना. दोघं गेले, बघितलं, वायर एकच, दुसरं टोक नुसत्या ग्राउंडच्या पिनला. बटण दाबलं. कॉम्प्युटर पुन्हा बंद! शेजारी रिचर्ड ग्रीनब्लॅट होता, तिथला जुना जाणता. त्याने बटण पाहिलं, निरुपयोगी ठरवलं, पक्कड आणली आणि कापून टाकलं. मशीन पुन्हा सुरू केलं, पुढे ते नीट चाललं. बटणाने नेमकं काय व्हायचं ते कुणाला पक्कं कळलं नाही. स्टीलने ते कापलेलं बटण स्वतःजवळ जपून ठेवलं. आणि हो, घरी तो ते बहुधा "जास्त जादू"वरच ठेवतो म्हणे.

1983: एकाच वर्षी दोन गोष्टी

इथून गोष्ट वळते. 1981 साली फाइलचा मोठा भाग एका मासिकात छापून आला, आणि 1983 साली पुस्तक निघालं, "द हॅकर्स डिक्शनरी". संपादक गाय स्टील. टेबलाखालची बोली दुकानात विकायला आली. वाटलं असेल, आता जगाला आपण कोण ते कळेल.

त्याच वर्षी, 1983 च्या उन्हाळ्यात, "वॉरगेम्स" हा सिनेमा आला. एक शाळकरी मुलगा घरच्या कॉम्प्युटरवरून लष्कराच्या यंत्रात शिरतो आणि तिसरं महायुद्ध पेटायची वेळ येते. आणि त्याच उन्हाळ्यात मिलवॉकी शहरातल्या काही तरुण पोरांची टोळी पकडली गेली. लॉस अलामोसची अणुसंशोधन प्रयोगशाळा, कॅन्सरचं एक मोठं हॉस्पिटल अशा ठिकाणच्या कॉम्प्युटरांत ती घुसली होती. गावाच्या टेलिफोन कोडवरून टोळीचं नाव 414. सप्टेंबरमध्ये त्यातला एक मुलगा न्यूजवीकच्या मुखपृष्ठावर. बातम्यांना एक शब्द हवा होता, आणि शब्द हाताशी होता: हॅकर.

संपलं. ज्यांनी शब्द घडवला त्यांचं पुस्तक एका बाजूला, आणि सिनेमा, टीव्ही, वर्तमानपत्रं दुसऱ्या बाजूला. जुन्या हॅकर्सनी झुंज दिली. चोरांसाठी वेगळा शब्द काढला, "क्रॅकर", म्हणजे तिजोरी फोडणारा, आणि पत्रकारांना विनवण्या केल्या की बाबांनो, हा वापरा. 1996 साली इंटरनेटच्या अधिकृत शब्दसूचीतही हॅकरचा जुना, चांगला अर्थच छापला, आणि वाईट अर्थासाठी क्रॅकर म्हणा असं सुचवलं. आता योगायोग बघा. आरएफसी मालिकेत त्या सूचीचा क्रमांक आहे 1983.

कुणी ऐकलं नाही. आज कुठलंही मराठी वर्तमानपत्र उघडा, हॅकर म्हणजे ज्याने खात्यातले पैसे पळवले तो. आपल्या आईबाबांना विचारा, तेच सांगतील. आणि त्याच वेळी कॉलेजच्या भिंतीवर "हॅकेथॉन"चं पोस्टर असतं, आणि रीलमध्ये कांदा कापायचे "किचन हॅक्स" असतात. म्हणजे जुना अर्थ मेला नाही, पण माणसावरून उठून कामावर जाऊन बसला. हॅक चांगला, हॅकर वाईट! क्रॅकर मात्र आपल्याकडे आजही फक्त दिवाळीत.

लॅब रिकामी होते

दुसरी गोष्ट जास्त शांतपणे घडली. त्याच सुमारास एमआयटीच्या एआय लॅबमधून दोन कंपन्या निघाल्या, आणि लॅबमधली बरीचशी मंडळी पगारावर तिकडे गेली. काल जे कोड एकमेकांना सहज देत होते, ते आज प्रतिस्पर्धी झाले. लॅबमध्ये मागे राहिलेल्यांपैकी एक रिचर्ड स्टॉलमन. त्याने 1983 साली ग्नूची घोषणा केली ती या रिकाम्या लॅबमधल्या अनुभवातून. ज्या पीडीपी-10 यंत्रांभोवती ही संस्कृती वाढली, त्यांचा पुढचा मोठा वारसदार डीईसीने त्याच 1983 साली रद्द केला.

आणि जार्गन फाइल गोठली. पुस्तक निघाल्यानंतर जवळपास सात वर्षं तिच्यात काही भर पडली नाही. हे नीट बघा: शब्दकोश छापून आला आणि बोलणारी माणसं पांगली. पुस्तकाने शब्द वाचवले, पण शब्द रोज ज्या टेबलावर घडत होते ते टेबलच उठलं.

जून 1991 मध्ये स्टॅनफर्डच्या एआय लॅबचा जुना कॉम्प्युटर बंद केला गेला. जाताना त्याच्याकडून ओळखीच्यांना एक लांबलचक ईमेल गेली, कॉम्प्युटरनेच लिहिल्यासारखी, प्रथमपुरुषी, स्वतःच्या आयुष्याची हकीकत सांगणारी. लिहिली होती लॅबचे जुने कार्यकारी अधिकारी लेस अर्नेस्ट यांनी. यंत्राच्या निरोपसमारंभाचं भाषण यंत्राच्या तोंडून! या लोकांना रडू यायचं तेही विनोदाच्या अंगाने.

1990 साली एरिक रेमंडने फाइल पुन्हा हाती घेतली. युनिक्सच्या जगातले, इंटरनेटवरचे नवे शब्द घातले. 1991 साली एमआयटी प्रेसने तिचं पुस्तक काढलं, मग 1993 आणि 1996 ला पुढच्या आवृत्त्या. फाइल जिवंत झाली, लाखोंनी वाचली. पण जुन्यांपैकी काहींना ती आपली वाटेना. तक्रार अशी, की एका माणसाची मतं "हॅकर्सचं मत" म्हणून आत शिरली आहेत, आणि एका खोलीची बोली म्हणून जी होती ती आता सगळ्यांची बोली म्हणून सांगितली जातेय. दुसरी बाजूही खरी आहे. रेमंडने हात लावला नसता, तर मी आज हा भाग करत नसतो. गेल्या बऱ्याच वर्षांत तिची नवी आवृत्ती निघालेली नाही.

दरम्यान 1999 साली कॅलिफोर्नियात ॲरन पेकहॅम नावाच्या कॉलेजच्या विद्यार्थ्याने अर्बन डिक्शनरी काढली, गंभीर ऑनलाइन शब्दकोशांची टर उडवायला. तिथे एकच असा संपादक नाही. कुणीही शब्द टाकावा, कुणीही अर्थ लिहावा, बाकीच्यांनी मत द्यावं. खोलीही गेली, एकटा संपादकही गेला, उरली गर्दी.

मग शब्द कुणाचा?

या सगळ्यातून मला जे दिसतं ते सांगतो आणि थांबतो.

शब्दकोशाने शब्दाचं रक्षण होत नाही. हॅकर या शब्दाला पुस्तक होतं, व्याख्या होती, हुशार वकील होते, तरी तो गेला. उलट फूच्या मागे कुणीच उभं नव्हतं. त्याला अर्थच नाही, म्हणून त्याचा अर्थ कुणी पळवू शकलं नाही, आणि रोज कुठेतरी कुणीतरी नवशिका पहिला प्रोग्रॅम लिहिताना तो टाइप करतो. हायझेनबग टिकला, कारण तशा चुका रोज होतात. मिलीलॅम्पसन विरला, कारण लॅम्पसनना बोलताना ऐकलेली माणसं थोडीच. शब्द टिकतो तो कामाला येतो म्हणून. विनोद त्याला दारातून आत आणतो, पण घरात ठेवून घेतं ते कामच.

पण विरलेले शब्द वाया गेले असं मला वाटत नाही. आज आपल्याला त्या लॅबमधली माणसं कशी हसायची, एकमेकांना सूप कसं विचारायची, कशाला घाबरायची हे माहीत आहे. त्यांनी लिहिलेला बहुतेक कोड आता कुठल्याही यंत्रावर चालत नाही. फिंकेलने सहज सुरू केलेली ती टेक्स्ट फाइल मात्र तुमच्या फोनवर या क्षणी उघडते.

तुमच्या हॉस्टेलमध्ये, ऑफिसात, नाक्यावरच्या ग्रुपमध्येही असे शब्द असतील, बाहेरच्याला अजिबात न कळणारे. ग्रुप फुटले की ते जातात, आणि त्याची बातमी कुठे येत नाही. तेव्हा एक काम करा. फोनमध्ये एक नोट उघडा. शब्द लिहा, अर्थ लिहा, कुणी पहिल्यांदा वापरला आणि का, ते लिहा. दहा शब्द झाले की ग्रुपवर टाका आणि बाकीच्यांना भर घालू द्या. पुढच्या भागात वाचण्यासारखे असतील तर आम्हालाही पाठवा. फक्त फूबारसारखे असतील तर सभ्य भावार्थासकट पाठवा, आमची आजीसुद्धा हा पॉडकास्ट ऐकते.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत बटण "जास्त जादू"वर राहू द्या!